झोपलेलं खातं

सही जुळत नाही म्हणून मी आजवर शेकड्यांनी चेक परत केले असतील. एकदा तर खुद्द सासऱ्यांचा केला. त्या दिवाळीत मला पाट वेळेवर मिळाला, ताट जरा उशिरा आलं. पण देवाच्या घरी न्याय असतो म्हणतात, तो असा. एका सोमवारी मी स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला स्लिप भरली आणि शेजारच्या काउंटरवरून ती परत आली. "अहो, तुमची सही जुळत नाही!"

पाहिलं तर खरंच. वीस वर्षं जिलबीसारखी वळणारी माझी सही शेवेसारखी तुटक पडली होती.

कारण मला ठाऊक होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. गेले काही महिने सकाळी उठलं की बोटं तासभर वळत नसत आणि वळली की उघडत नसत. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमची मूठ लग्नापासूनच उघडत नाही. आता दुखायला लागली एवढंच."

पुण्यात आजारी पडायची एक सोय आहे. डॉक्टर सोडून बाकी सगळे तुम्हाला औषध सांगतात. आमच्या सोसायटीत महिन्याभरात मला निर्गुडीचा पाला, एरंडेल, मेथीचे लाडू आणि तांब्याचं कडं यांची शिफारस झाली. लाडू मी आनंदानं खाल्ले. त्यानं वजन वाढलं आणि ते वजन दुखऱ्या गुडघ्यांवर आलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो.

"आमवात," डॉक्टर म्हणाले. "इंग्रजीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस."

"पण हा रोग आपल्याकडे कुठं होतो?"

"भिगवण माहीत आहे?"

आता भिगवण कोणत्या पुणेकराला माहीत नाही? आम्ही तिथं फ्लेमिंगो बघायला जातो आणि मासे खाऊन येतो. पण १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथं गेले ते माणसांचे सांधे तपासायला. घरोघर फिरून त्यांनी चार हजारांवर प्रौढ माणसं पाहिली. त्यात हा आमवात साधारण दोनशेत एकाला निघाला. आमच्या शाखेच्या दारातून दिवसाला दोनशे माणसं सहज जातात. त्यातला एक मी. लॉटरीत असा नंबर कधी लागला नाही.

आधी मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या झाल्या. या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. रोज घेतल्या तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बायकोनं कॅलेंडरवर दर रविवारी लाल पेन्सिलीनं गोल केला. पण आठ महिने झाले तरी बोटांची तक्रार कायम. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता बायॉलॉजिक सुरू करू. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन."

मी कॉमर्सचा विद्यार्थी. बायॉलॉजीशी माझा संबंध दहावीत बेडकाच्या आकृतीपाशी संपलेला. डॉक्टरांनी मग माझ्या भाषेत समजावलं. शरीराचा एक पहारेकरी असतो, टीएनएफ नावाचा. बाहेरचा शत्रू आला की हा शिट्टी फुंकून फौज गोळा करतो. आमवातात तो बिथरतो आणि उठसूट शिट्ट्या फुंकतो, आणि फौज आपल्याच सांध्यांना झोडपत सुटते. १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी या पहारेकऱ्याचं तोंड बंद करणारी प्रतिपिंडं रोग्यांना देऊन पाहिली आणि वर्षानुवर्षं आखडलेली माणसं हलू लागली. हे मैनी जन्मानं लुधियानाचे, हे ऐकून मला उगाच घरचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. माझं औषध होतं अडालिम्युमॅब. हे कारखान्यात रसायनं ढवळून होत नाही, जिवंत पेशींकडून करवून घ्यावं लागतं. त्या पेशी मुळात हॅमस्टर नावाच्या चिनी उंदरासारख्या प्राण्याच्या.

"चिनी माल?" आई म्हणाली. "टिकेल का?"

किंमत ऐकून मात्र सगळेच गप्प झालो. त्यातल्या त्यात दिलासा असा की, या औषधाची जगातली पहिली जैवसमरूप प्रत डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं भारतातच बाजारात आणली होती, मूळ औषधापेक्षा पुष्कळ स्वस्तात.

मग मी औषधाचं माहितीपत्रक मागून आणलं. उलगडलं तर सतरंजीएवढं! त्यातले सगळे दुष्परिणाम मी वाचता वाचताच भोगले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, "नको मला. सही जुळली नाही तर अंगठा लावीन."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "घाबरायचं तर नेमकं कशाला ते ठरवून घाबरा. घरात कुणाला टीबी होता?"

"छे!" मी म्हणालो.

तरी त्यांनी छातीचा फोटो, रक्तात काविळीच्या तपासण्या आणि हातावर मॅन्टूची टोचणी, सगळं करायला लावलं. तिसऱ्या दिवशी हातावर आलेली कडक गाठ त्यांनी चक्क प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोजली. सोळा मिलिमीटर. फोटो मात्र स्वच्छ.

"तुम्हाला क्षयरोग नाही," ते म्हणाले, "पण जंतू आहे. झोपलेला."

हे मात्र मला ताबडतोब कळलं. आमच्याकडे दोन वर्षं खात्यात व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. क्षयाच्या जंतूला हा नियम लागू नाही. तो फुप्फुसात चाळीस वर्षंही पडून राहतो, व्याज न मागता. शरीर त्याच्याभोवती भिंत बांधून ठेवतं आणि त्या भिंतीवर पहारा कुणाचा, तर त्याच टीएनएफचा! त्याला रजेवर पाठवलं की झोपलेलं खातं जागं होऊ शकतं. २००१ साली अमेरिकेत या जातीचं पहिलं औषध घेतलेल्यांत क्षयाच्या सत्तर केसेस नोंदल्या गेल्या तेव्हा जग सावध झालं. आणि आपल्याकडे तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असं खातं सापडलं. म्हणजे आमच्या कॅश काउंटरच्या रांगेत दर तिसरा!

"पण माझ्या नावावर हे खातं उघडलं कुणी?" मी घरी येऊन विचारलं.

आई वाती वळत होती. हात थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझा धाकटा काका."

धाकटा काका मिरजेला नोकरीला होता, असं आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. आता कळलं, तो मिरजेच्या सॅनटोरियममध्ये होता आणि तिथून परत आलाच नाही. "जाण्याआधी तुला मांडीवर घेऊन खडीसाखर भरवायचा," आई म्हणाली. "चार वर्षांचा होतास. मला नको वाटायचं, पण त्याला कसं सांगणार? आणि आता बोलले, तर डॉक्टर तुझं इंजेक्शन बंद करतील, म्हणून गप्प बसले."

झालं उलटंच. डॉक्टर म्हणाले, "हे कळलं म्हणूनच तर इंजेक्शन देता येईल." आधी आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांच्या. त्यातला एक महिना पार पडला, यकृताच्या तपासण्या ठीक आल्या, मग पहिलं इंजेक्शन. ताप आला, खोकला दोन आठवडे हटला नाही, वजन उतरलं, तर इंजेक्शन न घेता आधी डॉक्टरांना फोन, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे.

औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. बायकोनं फ्रीजवर पाटी लावली: "आत औषध आहे. त्यावर विरजणाचं भांडं ठेवू नये. बर्फाच्या कप्प्यात ढकलणाऱ्याकडून पूर्ण किंमत वसूल केली जाईल."

तीन महिन्यांनी एका सकाळी दुधाच्या पिशवीचं टोक मी दातांऐवजी बोटांनी फाडलं. त्या दिवशी बायकोनं चहात साखर जास्त घातली. ती म्हणते चुकून.

परवा दवाखान्यात माझी नवी फाइल केली. पुन्हा तोच फॉर्म. 'कुटुंबात क्षयरोग?' या रकान्यात मागच्या वेळी मी 'नाही' लिहिलं होतं. या वेळी 'होय' लिहिलं, पुढं 'धाकटा काका' असं लिहिलं आणि खाली सही केली.

जिलबी बरीचशी जमली होती. सासऱ्यांचा चेक असता तर मी पास केला असता.