मुलांची लाज आणि आईबापांचा धीर

ज्या विषयाचे नाव निघताच घरातील वडील मंडळी उठून बाहेर जातात, त्या विषयावर आज लिहावयाचे आहे. अश्लील चित्रे व चित्रफिती पाहण्याची सवय वाढत्या वयाच्या मुलांना जडत आहे, आणि ती केवळ शहरातच जडते असे मानणे ही स्वतःची फसवणूक होय. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी मोबाईल मुलांच्या हाती आला. वारासिवनीच्या विणकराचे घर असो वा वैनगंगेकाठच्या धानकऱ्याचे, तो आता मुलाच्या उशाशी निजतो. २०१८ साली न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने ८२७ संकेतस्थळे बंद करविली. परंतु एक दार लावले की दुसरे उघडते. राखण घरातूनच व्हावयास हवी.

ही गोष्ट उघडकीस आली म्हणजे बहुधा काय घडते? बाप हात उगारतो, आई रडू लागते, मोबाईल भिंतीवर आपटला जातो. चार दिवस शांततेत जातात. पुढे मित्राच्या मोबाईलवर तेच सुरू होते. मुलगा एवढेच शिकतो की, यापुढे अधिक जपून लपवावे. लाजेने तो एकटा पडतो, आणि एकटेपणा त्याला पुन्हा त्याच वाटेने नेतो. म्हणून मातापित्यांनो, पहिला शब्द शांतपणे बोला: "बाबू, मला कळले आहे. मला वाईट वाटले, पण तू माझाच आहेस. यातून आपण मिळून बाहेर पडू." उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलाचे भाषण पुरे होण्याचीही वाट पाहिली नाही, हे आपण जाणताच.

दुसरी अडचण शब्दांची आहे. आपल्या भागात घरी मराठी व शाळेत हिंदी. पण शरीराविषयी दोन्ही भाषांत मुलांच्या कानी बहुधा शिव्याच पडतात. आईबापांनी स्वच्छ शब्द दिले नाहीत, तर मोबाईल घाणेरडे देईल. मुलीशी आईने व मुलाशी बापाने बोलावे. बाप कामासाठी नागपूर-हैदराबादला असेल तर मामा किंवा काका यांनी बोलावे. मुलींना हा प्रश्न नसतो, असेही समजू नये. वयात येताना कुतूहल वाटणे हे पाप नव्हे, हे आधी सांगावे. मग सांगावे की, पडद्यावर दिसते ते प्रेम नव्हे. पैशासाठी केलेले, कित्येकदा जबरदस्तीने करविलेले ते प्रदर्शन असते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचाही मुद्दा हाच आहे: करणारा, विकणारा व पाहणारा, सर्वांच्याच प्रतिष्ठेला त्यात इजा पोहोचते.

आता घरातील शिस्त. रात्री जेवणानंतर सर्वांचे मोबाईल ओसरीवर वा पुढच्या खोलीत चार्जिंगला लावावे. सर्वांचे म्हणजे बापाचाही. जो नियम केवळ मुलांना असतो, तो नियम नसून संशय असतो. मुलाचा पाय कोणत्या वेळी घसरतो, हे त्याच्याशीच बोलून शोधावे: रात्री उशिरा, परीक्षेच्या भीतीने, की रिकाम्या दुपारी? त्या वेळेला खेळ, काम किंवा सोबत द्यावी. महिनाभर सावरलेला मुलगा पुन्हा घसरला, तर महिना वाया गेला असे म्हणू नये. मागावर धागा तुटला म्हणून विणकर लुगडे फाडीत नाही; तो धागा सांधतो. आणि मुलाने पापनिवेदनात काय सांगितले, हे त्याला कधीही विचारू नये.

प्रत्येक चुकलेल्या मुलाला 'व्यसनी' हे नाव देणे मात्र अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत अनावर लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. परंतु त्यासाठी सहा महिने वा अधिक काळ स्वतःला आवरता न येणे आणि अभ्यास, प्रकृती वा नाती यांची हानी होणे अशी लक्षणे पाहिली जातात. केवळ अपराधी वाटणे म्हणजे तो विकार नव्हे. लक्षणे खरोखरच दिसत असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा विभाग आहे. आणि १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो.

दोन गोष्टी मुलांच्या कानी अवश्य घालाव्या. अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रे पाहणे वा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. आणि कोणी चित्र पसरविण्याची धमकी देऊन पैसे मागू लागला, तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, त्याच क्षणी घरी सांगावे. १९३० किंवा १०९८ वर मदत मिळते. अशा वेळी भीतीने गप्प राहिलेले मूल जिवाचेही बरेवाईट करून घेते.

ते मूल त्या रात्री आपल्याला हाक मारील काय, हे आज आपण त्याच्याशी कसे बोलतो यावर ठरणार आहे.