वासोटा जागचा हलत नाही

कोयनानगरच्या धरणामागे शिवसागराचे पाणी उत्तरेकडे लांबवर पसरले आहे. त्याच्या पश्चिमेच्या रानात वासोटा उभा आहे. हा गड इतका दुर्गम मानला जाई, की दुसऱ्या बाजीरावाने सातारकर छत्रपतींच्या घरातील मंडळी आणि दोन इंग्रज अधिकारी यांना अडकवून ठेवण्यासाठी त्याचीच निवड केली. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि गड शरण आला. कडे होते, तट होता, घनदाट अरण्य होते. परंतु गड कोठे आहे हे शत्रूला ठाऊक होते, आणि गडाला तेथून हलता येत नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अण्वस्त्रधारी महासत्तांपुढे नेमका हाच पेच उभा राहिला. त्यांची आंतरखंडीय क्षेपणास्त्रे जमिनीखालच्या काँक्रीटच्या विवरांत असत. उपग्रहांनी विवरांच्या जागा टिपल्या, मारा अधिकाधिक अचूक होत गेला, आणि ही विवरे म्हणजे नवे वासोटे ठरू लागली. सोव्हिएत संघात यावर तोडगा काढला तो अलेक्सांद्र नादिराद्झे यांच्या मॉस्कोतील संस्थेने: घन इंधनाचे क्षेपणास्त्र वाहनावर चढवून अरण्यातील रस्त्यांवर हिंडते ठेवायचे. द्रव इंधन घेऊन असे हिंडणे जिकिरीचे होते. घन इंधन मात्र भरलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षे टिकते. सुमारे ४५ टनांचे ‘टोपोल’ १९८५ मध्ये सात आसांच्या वाहनावर तैनात झाले. फिरते लक्ष्य किती निसटते असते, याचा प्रत्यय १९९१ च्या आखाती युद्धात आला. शेकडो उड्डाणे करूनही इराकचा एकही फिरता स्कड प्रक्षेपक नष्ट केल्याचा खात्रीशीर पुरावा अमेरिकी हवाई दलाला देता आला नाही.

येथे एक गल्लत नेहमी केली जाते. चाके क्षेपणास्त्राला जमिनीवर वाचवतात; शत्रूचे क्षेपणास्त्रविरोधी कवच चाकांनी भेदले जात नाही. त्यासाठी उड्डाणाचा ज्वलनकाळ आखूड करावा लागतो, फसवी शीर्षे सोडावी लागतात, किंवा खरी शीर्षेच अनेक करावी लागतात. अशा कवचांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. चारच वर्षांनी रशियाने ‘टोपोल-एम’ रस्त्यावर आणले. त्यात या दोन्ही गरजा एकत्र आल्या होत्या.

भारताच्या कथेतला महाराष्ट्राचा वाटा पुण्याजवळच्या दिघीत सापडतो. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या तेथील अभियांत्रिकी आस्थापनेने अग्नी मालिकेच्या प्रक्षेपक वाहनांवर काम केले. अग्नी-५ स्वतः सुमारे ५० टनांचे, साडेसतरा मीटर लांब. त्याला वाहून नेणारी आणि उभे करणारी गाडी मात्र ३० मीटरची, १४० टनांची. कराडहून कोयनानगरवरून चिपळूणला उतरणाऱ्या कुंभार्ली घाटाची वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ‘रस्त्यावरून कोठेही’ या शब्दांतली अतिशयोक्ती वेगळी समजावून सांगायला नको. अशा गाडीला सह्याद्री फारसा उपयोगाचा नाही; तिला सपाट रुंद रस्ते आणि भक्कम पूल लागतात. म्हणूनच या शस्त्राला गनिमी काव्याचा वारसदार म्हणण्याची हौस जपून करावी. संताजी-धनाजींच्या फौजा हिंडत होत्या त्या लढण्यासाठी. हे शस्त्र हिंडते ते वापरण्याची वेळच येऊ नये म्हणून.

३१ जानेवारी २०१५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील बेटावरून अग्नी-५ प्रथमच बंद नळकांड्यातून, फिरत्या वाहनावरून डागले गेले. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे धोरण भारताने जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे मांडले होते. पहिला घाव सोसायचा असेल, तर दुसरा घालण्यापुरते काहीतरी शिल्लक राहिले पाहिजे. त्या दृष्टीने चाके हा या धोरणाचा स्वाभाविक आधार आहे. नळकांड्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. शांततेच्या काळात स्फोटशीर्ष आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवण्याची भारताची रीत असल्याचे अभ्यासक सांगत आले आहेत. त्या विलगतेत विचाराला अवधी मिळत असे. नळकांड्यात बंद केलेले क्षेपणास्त्र जोडून, सज्ज ठेवण्यासाठीच घडवलेले असते.

११ मार्च २०२४ च्या ‘दिव्यास्त्र’ चाचणीत अग्नी-५ ने एकाहून अधिक शीर्षे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडली. चीन २०१० पासून क्षेपणास्त्रे वाटेतच पाडण्याच्या चाचण्या करीत असल्याने हे पाऊल अनपेक्षित नव्हते. पण अनेक शीर्षे वाहणारी एक गाडी गमावणे हे एक शीर्ष गमावण्यापेक्षा कितीतरी महाग. संकटकाळात ती आधी टिपण्याचा मोह शत्रूला वाढतो, आणि टिपली जाण्यापूर्वीच ती वापरण्याचा मोह तिच्या मालकाला. दिघीत घडलेली चाके यांपैकी पहिला मोह कमी करू शकतात. दुसऱ्यासमोर उभे आहे ते २००३ चे ते एक वचन.