नॉर्थ बे आणि माझा कान

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही आठ कॅडेट आणि आमचे हाउसमास्टर सर अंदमानला गेलो. चेन्नईहून विमानाने श्रीविजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. सावरकरांच्या कोठडीबद्दल मराठी पानावर कोणी ना कोणी लिहितेच, म्हणून मी लिहीत नाही. एवढेच सांगतो की बाहेर आल्यावर बराच वेळ आमच्यातले कोणी बोलले नाही. पाच वाजता तर सूर्य मावळलासुद्धा. घड्याळ आपलेच, पण तिथला सूर्य लवकर ड्युटी संपवतो.

दुसऱ्या दिवशी बोटीने आधी रॉस बेटावर गेलो. त्याचे नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. इंग्रजांचे अंदमानातले मुख्यालय इथे होते. चर्च, बेकरी, मोठ्या साहेबाचा बंगला, सगळ्यांची छपरे गेली आहेत आणि भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे. हरणे इतकी धीट की एकाने आमच्या पॅक लंचची पिशवी हुंगून पाहिली.

तिथून नॉर्थ बे. जुन्या नारिंगी वीस रुपयांच्या नोटेमागे माड आणि समुद्राचे जे चित्र आहे, ते याच जागेचे. पाणी काठाशी हिरवे आणि पुढे एकदम निळे. तोंडावर काच आणि नळी लावून प्रवाळ बघायचे, हा त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम होता. सरांनी बडी पेअर पाडल्या. माझा बडी मणिपूरचा. सहावीपासून आमचे पलंग शेजारी शेजारी आहेत.

आणि माझा कान दुखायला लागला.

खरे तर कान दुखत नव्हता. मला पाण्यात डोके घालायची भीती वाटते. स्विमिंग टेस्टच्या दिवशी मी दरवर्षी एमआय रूमची चिठ्ठी आणतो. (हे छापून आल्यावर नर्सिंग असिस्टंट साहेब मला काय म्हणतील ते मला माहीत आहे.) एनडीएला जायचे म्हणणाऱ्याने हे कोणाला सांगायचे?

सरांनी माझ्या बडीला दुसऱ्या जोडीबरोबर जायला सांगितले. तो म्हणाला, "नको सर, मी याच्याजवळ थांबतो." आम्ही दोघे वाळूत बसून नारळपाणी प्यालो. बाकीचे बाहेर आले ते ओरडतच. निळे मासे, मेंदूसारखे दिसणारे प्रवाळ, काय काय सांगत होते. तो सगळे ऐकत होता आणि मधूनमधून मलाच विचारत होता, "आता बरा आहे का कान?" तेव्हा मला जे वाटले ते पाण्याच्या भीतीपेक्षा वाईट होते.

तिसऱ्या दिवशी चॅथमहून फेरीने बांबू फ्लॅटला उतरलो आणि गाडीने माउंट मणिपूरवर गेलो. या डोंगराचे आधीचे नाव माउंट हॅरिएट. 1891 च्या युद्धानंतर इंग्रजांनी मणिपूरचे महाराज कुलचंद्र ध्वज सिंह आणि त्यांच्या साथीदारांना काळ्या पाण्यावर पाठवले. त्यांच्या स्मरणार्थ 2021 मध्ये हे नाव दिले. माझा मित्र सबंध सहलीत याच दिवसाची वाट पाहत होता. नावाच्या पाटीसमोर त्याने आईसाठी फोटो काढून घेतला, बेरे नीट करून, अगदी सावधानमध्ये उभा राहून.

वरून नॉर्थ बेचा दीपस्तंभ दिसतो. सरांनी खिशातून ती वीसची नोट काढली आणि आम्ही सगळ्यांनी चित्र जुळवून पाहिले. बाकीचे पुढे गेल्यावर मी त्याला सांगून टाकले की कान वगैरे काही नव्हते.

तो हसला. "तेरा कान हर साल स्विमिंग टेस्ट के दिन ही दुखता है. मैं गिन रहा हूँ."

"मग थांबलास कशाला?"

"अकेला बैठता तू."

चौथ्या दिवशी हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, राधानगर किनाऱ्यावर सर काठावर उभे राहिले आणि आम्ही कंबरभर पाण्यात गेलो. त्याने माझे मनगट धरले. पहिल्यांदा मी दोन आकडे मोजून वर आलो, नाकातोंडात खारट पाणी. दुसऱ्यांदा चार. नंतर एकदा नऊपर्यंत गेलो. खाली डोळे उघडले तर फक्त वाळू आणि त्याचे पाय दिसले. प्रवाळ तिथे काठाशी नव्हते, आणि परतीचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. म्हणजे त्याने प्रवाळ अजून पाहिलेले नाही.

ती नोट मी सरांकडून दोन दहाच्या नोटा देऊन घेतली आहे. ती माझ्या भौतिकशास्त्राच्या वहीत असते. या सत्रात मी एमआय रूमला एकदाच गेलो, तेही खरा ताप होता म्हणून. टेस्ट जुलैमध्ये आहे.