दोन स्पीकरांमधली रिकामी जागा

संगीत ऐकण्याच्या साधनांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच तऱ्हांनी बोलले जाते : एक तर जुन्या ग्रामोफोनचा गहिवर, नाहीतर वॅटांची मोजदाद. ऐकणाऱ्याची मिळकत, त्याची खोली आणि त्याचे वय यांचा विचार या दोहोंतही क्वचितच होतो. आमच्या सांगलीच्या भाचीला पहिली नोकरी साताऱ्यात लागली आणि तिच्या भाड्याच्या खोलीसाठी स्टिरिओ जुळवण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा मात्र हा विचार टाळता येईना.

तिची अट एकच होती. खर्च तिच्या पगारातून आणि ९,००० रुपयांच्या आत. आम्ही भर घालतो म्हटल्यावर ती म्हणाली, "नको मामा. तुम्ही पैसे घातले, तर मला सारखं तुमच्या आवडीचंच लावावंसं वाटेल की." हे उत्तर आम्हांला थोडे लागले, पण त्यात तथ्य होते. अभिरुची घडवण्याच्या नावाखाली आपण आपली आवडच पुढच्याच्या गळ्यात बांधत असतो, हे वर्गात कविता शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मग हिशेब मांडला. अ‍ॅम्प्लिफायर जुना चालतो. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे दुकानातच कळते. स्पीकर मात्र नवे बरे; जुन्यांच्या पडद्याभोवतीची फोमची कड काळाने झडते. अ‍ॅम्प्लिफायर २,८००, स्पीकरांची जोडी ५,४००, वायर आणि लाकडी ठोकळे ५००. वॅटांच्या मोहात पडण्याचे कारण नव्हते. २५ वॅटचे ५० केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. तो कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. उरलेले ३०० रुपये तिने मुकाट्याने पाकिटात ठेवले.

मांडणीला पैसे पडत नाहीत. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण साधायचा, स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवायचे, कोपऱ्यात सारायचे नाहीत. कोपऱ्यात खर्ज घुमतो आणि शब्द बुजतात. हे साधले की गायक दोहोंच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, बसलेला भासतो.

पारखण्यासाठी तानपुरा लावला. सांगलीच्या मुलीसाठी दुसरे काय लावणार? शेजारच्या मिरजेत तानपुरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर घोडीची जवारी घासून लावतो, वादक तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि एका तारेतून अनेक स्वर उमलतात. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरातून खर्जाचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. नव्या जोडीतून तो बऱ्याच अंशी ऐकू आला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी तो मनानेच ऐकत होते?"

पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लागली. मिरजेत स्थायिक झालेले खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांचे मुद्रण एकमार्गी, साधारण तीन मिनिटांचे. स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली इंग्लंडमध्ये मांडली, पण ती घरोघर पोहोचायला पुढे पाव शतक गेले. "मग दुसऱ्या स्पीकरचा यांना काय उपयोग?" हा तिचा प्रश्न रास्त होता. दिशेच्या दृष्टीने काहीच नाही. दोन्हीकडून एकच आवाज येतो आणि खाँसाहेब मधल्या रिकाम्या जागी उभे राहतात.

वाचनातही याहून वेगळे काय घडते? पानावर नसलेले वाचक भरून काढतो, आणि ते त्याला पानावरच दिसते. फरक इतकाच की चांगले साधन, चांगल्या संपादित प्रतीप्रमाणे, आपण काय ऐकले आणि काय कल्पिले यांतली सीमा थोडी स्पष्ट करते. अभिरुचीला अशा सीमेची गरज असते. उपदेशाची तितकी नसते.

त्या खोलीत हल्ली काय वाजते, त्यातले निम्मे आम्हांला ओळखूही येत नाही. शेजारच्या खोल्यांतल्या मुली मात्र दारात थांबून "हे काय लावलंयस?" असे विचारतात म्हणे. इअरफोनच्या काळात हा प्रश्न घरोघर बंद पडत चालला आहे. ८,७०० रुपयांत तो पुन्हा विचारला जाऊ लागला, हा सौदा आम्हांला महाग वाटत नाही.