दोन सह्या आणि तिसरा धनी

दिसायला तो अगदी साधा आहे. वर मुद्रांकाचा कागद, खाली टंकलिखित पानं, प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्या आणि गोल शिक्के, शेवटी जोडपत्रं. सगळं टॅगमध्ये ओवून पुठ्ठ्याच्या फायलीत बसवलेलं. एक प्रत जलसंपदा विभागाकडे, दुसरी पुणे महानगरपालिकेकडे. खडकवासला प्रकल्पातून शहराने वर्षाला किती पाणी उचलायचं, कुठून उचलायचं, कसं मोजायचं, त्याचे पैसे कधी भरायचे आणि वापरून झालेलं पाणी कोणत्या अवस्थेत परत द्यायचं, एवढं सगळं त्याला तोंडपाठ असतं. पुण्याचा पाणीकरार तो हाच. सह्या झाल्या, फोटो निघाले, की लोकांना वाटतं काम झालं. त्याची खरी नोकरी मात्र त्या दिवसापासून सुरू होते.

त्याचं घराणं जुनं आहे. मुठेवरचं खडकवासल्याचं धरण 1879 सालचं. कॅप्टन फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. पुणे आणि लष्कराची छावणी यांना प्यायला पाणी आणि कालव्याखालच्या शेतीला ओल, असे दोन्ही हेतू त्या बांधकामात पहिल्यापासून होते. तेव्हा शहर लहान होतं, दोघांना पुरून उरत होतं, भांडायचं कारण नव्हतं. पुढे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं. दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली, वरसगाव आणि टेमघर त्यांच्या जोडीला आली. आज या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा 29.15 टीएमसी धरला जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण त्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती, वाटेतली गावं आणि वाढतच चाललेलं एक महानगर अवलंबून आहे. साठा तेवढाच राहिला, मागणारे वाढले, तेव्हा या करारनाम्याला महत्त्व आलं.

2013 साली झालेला करार सहा वर्षांचा होता. शहराने वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी घ्यायचं, हा त्याचा कणा. रोजच्या हिशेबात बसवलं तर साधारण 89 कोटी लिटर. त्याच्या बदल्यात शहराने साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे शेतकरी ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडायचं. घेतो त्याने परत द्यायचं, आणि तेही वापरण्याजोगं करून द्यायचं. एवढी सरळ नीती फार थोड्या सरकारी कागदांत आढळते. मला हा करारनामा आवडतो तो त्यासाठी.

त्याचा एक स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा. त्याला धाक दाखवता येत नाही. ठेकेदाराबरोबरचा करार वेगळा. तिथे काम नीट झालं नाही तर अनामत जप्त करता येते, नाव काळ्या यादीत टाकता येतं. इथे दोन्ही बाजू जनतेच्याच. शहराने जास्त पाणी उचललं म्हणून वाढीव दराने बिल लावलं, तर ते भरणार कोण? करदाता. पाणीच तोडलं, तर तहानलेला राहणार कोण? तोच करदाता. 2018-19च्या टंचाईत पालिकेचे पंप बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली होती. त्यातून कराराचं काही भलं झालं नाही, नळाला पाणी नसलेल्या वस्त्यांचे हाल तेवढे झाले. थकबाकीचे आकडे वर्षानुवर्षं एका खात्याच्या फायलीतून दुसऱ्या खात्याच्या फायलीत जातात, खुलासे येतात, तडजोडी होतात. सरकारी संस्थेला सरकारी संस्थेने केलेला दंड म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. म्हणून या करारनाम्याची सगळी ताकद दोनच गोष्टींत आहे: नियमित मोजणी आणि वेळेवर आढावा. त्या दोन गोष्टी चालू असतील तर तो जिवंत, नाहीतर नुसता मुद्रांकाचा कागद.

मोजणीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. जाड जलवाहिनीवर फ्लोमीटर बसवलेला असतो. पेटीचं झाकण उघडलं की छोट्या पडद्यावर हिरवट आकडे सरकताना दिसतात. वरच्या ओळीत त्या क्षणाचा प्रवाह, खालच्या ओळीत आजवरची बेरीज. जलसंपदाचे शाखा अभियंता वही उघडतात, पालिकेचे कनिष्ठ अभियंता वाकून आकडा वाचतात.

"साहेब, तुम्हीपण एकदा बघून घ्या."

"बघितला. मागच्या महिन्याचा वजा करून लिहा."

"मधे दोन दिवस मीटर बंद होता, त्याचं काय धरायचं?"

सगळा तंटा या शेवटच्या प्रश्नात असतो. मीटर बंद असताना किती पाणी गेलं? पंपाच्या क्षमतेवर मोजायचं की आधीच्या सरासरीवर? मीटर दुरुस्त कोणी करायचा, किती दिवसांत, तपासून प्रमाणित कोणी करायचा? करारनाम्यात याची उत्तरं नेमकी लिहिलेली असतील आणि दोघांची सही दर महिन्याला एकाच आकड्याखाली पडत असेल, तर वर्षअखेरीस भांडायला काही उरत नाही. तसं झालं नाही, की एकाच पाण्याचे दोन आकडे तयार होतात. जलसंपदा म्हणते शहराने इतकं उचललं, पालिका म्हणते तितकं नाही. मग बैठकीचा सगळा वेळ कोणता आकडा खरा हे ठरवण्यात जातो आणि पाणी कसं वाचवायचं हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

त्याचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. पालिकेने पुढच्या वर्षाचं पाण्याचं अंदाजपत्रक द्यायचं, लोकसंख्या किती धरली, दरडोई किती, गळती किती, ते त्यात मांडायचं. पावसाळा सरला की 15 ऑक्टोबरचा साठा बघून रब्बी आणि उन्हाळ्याचं नियोजन ठरतं. कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. आमदार येतात, अधिकारी येतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी येतात. शेतीला किती आवर्तनं मिळणार, शहराला किती राखून ठेवायचं, त्यावर चर्चा होते. महाराष्ट्रात 2005च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आहे. पाण्याचे हक्क आणि दर ठरवण्याचं काम त्याचं, आणि तंटा वाढला की प्रकरण त्याच्या दारात जातं. म्हणजे देखरेखीची घडी कागदावर चांगली बसवलेली आहे. उणीव आहे ती सातत्याची. टंचाईच्या वर्षी सगळ्यांना करारनामा आठवतो. चारही धरणं भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की त्याची फाइल कोणी मागत नाही. आढावा खरा त्याच वर्षी घ्यायला हवा. पाणी मुबलक असतं तेव्हा माणसं शांत असतात, आकडे मान्य करायला तयार असतात, मीटर बसवायला आणि गळती शोधायला हातात वेळ असतो.

करारनाम्याचं सर्वांत अवघड वय मुदत संपण्याचं. 2019 साली त्याची सहा वर्षं भरली. तोपर्यंत शहर तेच राहिलं नव्हतं. 2011च्या जनगणनेत पालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर होती. 2017मध्ये 11 गावं हद्दीत आली, पुढे 2021मध्ये आणखी 23. शहर म्हणतं, माणसं वाढली, कोटा वाढवा. जलसंपदा म्हणते, आधी गळती थांबवा, मग बोलू. दोघांचंही म्हणणं खरं आहे. नव्या गावांतला माणूस टँकरच्या रांगेत उभा असतो हे खरं, आणि जुन्या वाहिन्यांतून मुरून जाणारं पाणी कोणाच्याच उपयोगी पडत नाही हेही खरं. शहराने समान पाणीपुरवठ्याची योजना आणि घरोघरी मीटर हे काम हाती घेतलं, भामा-आसखेडचं पाणी 2021च्या पहिल्या दिवसापासून पूर्व भागात आलं. या सगळ्याचा हिशेब मांडून नव्या करारात आकडे बसवायला हवे होते. प्रत्यक्षात वाद, पत्रव्यवहार आणि वाट पाहणं लांबत गेलं. करार संपला म्हणून पाणी थांबत नाही, ते रोज वाहतच असतं. फक्त त्या काळात ते कोणत्या अटींवर वाहतं, हे विचारायला जागा उरत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या वर्षभर आधी आढावा सुरू झाला पाहिजे, आणि ती तारीख कराराच्याच अंगात लिहिलेली पाहिजे.

देखरेख नसली की काय होतं, हे शहराने 27 सप्टेंबर 2018 रोजी पाहिलं. दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि उताराच्या वस्तीत शेकडो घरांत पाणी घुसलं. कालवा जलसंपदाचा, वस्ती पालिकेच्या हद्दीतली. पाणी उंबरा ओलांडून आत येताना हद्द विचारत नाही. अशा ठिकाणी दोन्ही खात्यांच्या माणसांनी मिळून कालव्याच्या काठाने चालत जायचं, भेगा, उंदरा-खेकड्यांची बिळं, खणलेले चर बघायचे, नोंद करून सह्या करायच्या, हेही कराराचंच काम आहे. संयुक्त पाहणी हा शब्द कागदावर रुक्ष वाटतो. पण ती झाली असती, वेळेवर झाली असती, तर कितीएक घरांतलं धान्य, कपडे, मुलांची पुस्तकं वाचली असती.

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं, ज्याची या कागदावर सही नाही. कराराला दोनच पक्ष. पण त्यातल्या प्रत्येक कलमाचा परिणाम भोगणारा तिसराच कोणी असतो. लोणी काळभोरपासून पुढे बेबी कालव्याच्या काठावर शेती करणारा माणूस. शहराने परत दिलेलं पाणी त्याच्याच बांधावर येतं. ते नीट शुद्ध झालेलं असेल तर त्याचा ऊस, भाजीपाला उभा राहतो. नसेल तर कालव्यात फेस तरंगतो, वास येतो, विहिरीचं पाणी बिघडतं. तसंच मुख्य कालव्याच्या शेपटाला, इंदापूरकडे, आवर्तनाची वाट बघणारा शेतकरी. वरच्या अंगाला मोजणीत दहा-वीस दिवसांची ढिलाई झाली, की त्याचं एक पाणी चुकतं, आणि गव्हाला ओंबीत दाणा भरतेवेळी एक पाणी चुकणं म्हणजे सगळा हंगाम चुकणं. शहरातल्या झोपडपट्टीतली, सार्वजनिक नळावर हंडा लावणारी बाईही याच रांगेतली. पाण्याच्या हिशेबात ही तीन माणसं एकमेकांविरुद्ध उभी केली जातात. खरं तर तिघांचं दुखणं एकच आहे: त्यांच्या नावाने झालेला करार त्यांना कधी वाचायला मिळत नाही.

हे बदलता येतं, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. विभाग संस्थेला पाणी मोजून देतो, संस्था त्याचे पैसे भरते आणि सभासदांना वाटते. तिथे करार कपाटात राहत नाही. किती पाणी आलं, कोणाला किती मिळालं, हे सभासदाला विचारता येतं, आणि म्हणून पाटकऱ्यापासून अध्यक्षापर्यंत सगळ्यांना आकडा माहीत असतो. महाराष्ट्राने 2005 सालीच सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग आणणारा कायदा केला, त्यामागे अशाच अनुभवांचं बळ होतं. मोजणारा आणि भोगणारा एकच असला की देखरेख वेगळी लादावी लागत नाही.

महानगराचा करार वाघाडइतका लहान नाही, हे मान्य. पण त्यातली रीत इथेही आणता येईल. दर महिन्याची संयुक्त मोजणी दोन्ही सह्यांसकट लोकांपुढे लागली पाहिजे: पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, बेबी कालव्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर. मुंढव्याहून सोडलेल्या पाण्याची तपासणी कोणत्या दिवशी झाली, त्यात काय निघालं, तेही त्याच फलकावर. वर्षाच्या आढाव्याला कालव्याच्या शेपटाकडच्या पाणीवापर संस्थांना आणि शहरातल्या पाणी न पोहोचणाऱ्या वस्त्यांच्या प्रतिनिधींना खुर्ची असावी, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर मिळावं. यांतलं काहीही महागडं नाही. धरण बांधण्यापुढे, जलवाहिनी टाकण्यापुढे हा खर्च नगण्य आहे.

दोन सरकारी संस्थांनी एकमेकींना दिलेला शब्द लोकांच्या पाण्यावर, लोकांच्या पैशावर दिलेला असतो. त्यामुळे तो पाळला जातो की नाही हे तपासण्याचा पहिला हक्कही लोकांचाच. नवा करार होईल तेव्हा वर्तमानपत्रांत कोटा किती वाढला याचीच बातमी येईल. आपण मात्र त्यातलं मोजणीचं कलम आधी वाचावं, आढाव्याची तारीख शोधावी, आणि त्या तारखेला, बोलावणं आलं नाही तरी, हजर राहावं.