केळघरच्या घाटांतील एक अनुमान

साताऱ्याच्या वायव्येस वेण्णेच्या कांठीं वसलेला मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य ठाणें होय. येथून निघालेला रस्ता केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास जातो. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं मोऱ्यांपासून जावळी घेतली, तेव्हां येथील रानाची अवघडता हाच तिचा खरा कोट होता. आजही डांबरी सडक सोडून एखाद्या वाडीकडे वळलें, कीं पावसाळ्यांत चिखल आणि चढ प्रवाशाची परीक्षा पाहतात. अशा मुलखांत चारही चाकांना जोर देणारी गाडी ही चैन नसून घरांतील कर्त्या माणसासारखी असते.

गेल्या आश्विनांत आम्ही मेढ्याजवळच्या एका वाडींत स्नेह्यांकडे उतरलों होतों. एकत्र कुटुंब, तीन भाऊ, आणि दारांत वीस वर्षांची जुनी पिकअप. ती वळणावर आंखडे, टायर घासत, आणि फोर-व्हीलची दांडी एकदां लागली म्हणजे सुटत नसे. थोरले म्हणत, गाडी विकावी. मधले म्हणत, गिअरबॉक्स उघडावा. धाकटे मात्र गप्प होते. कारण श्रावणांतल्या एका रात्रीं त्यांच्या पत्नीस प्रसूतीसाठीं याच गाडीनें चिखलांतून मेढ्यास पोंचविलें होतें.

मेढ्याच्या बाजारांतून एक वयस्क मिस्त्री आले. ते थोरल्यांना म्हणाले, “दादा, दुखणें केव्हां होतें तें तुम्ही सांगा; कोठें होतें तें मी सांगतों.”

त्यांनीं लगेच पाना हातीं घेतला नाहीं. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकतां, क्लच दाबून व सोडून ते ऐकत राहिले. क्लच सोडतांच घरघर उमटून दाबतांच ती थांबती, तर गिअरबॉक्सच्या पुढल्या बेअरिंगचा संशय घ्यावयाचा. तसें कांहीं झालें नाहीं. गिअर टाकतांना दांत करकरले, तर दोष बहुधा पुरता न सुटणाऱ्या क्लचचा. इंजिन ओरडून गाडी ओढीना, तर क्लचप्लेटचा. गिअर आपोआप निसटला, तर झिजल्या दातांचा वा आंतील स्प्रिंगचा. यांपैकीं एकही लक्षण नव्हतें. मग तळाचा बोल्ट सैल करून त्यांनीं थोडें तेल काढलें. तें ताकासारखें पांढरें असतें, तर ओढ्याचें पाणी आंत शिरलें असें ठरतें. लोखंडाचा कीस असता, तर दांत झिजले असें ठरतें. दोन्ही नव्हतें.

मग आम्ही सारे घाटाकडे निघालों. चिखलाच्या गाडीवाटेवर फोर-व्हील लावलें असतां गाडी बिनतक्रार चढली. कोरड्या सडकेच्या वळणावर तीच आंखडली. दांडी सुटेना, तेव्हां मिस्त्रींनीं स्टिअरिंग सरळ करून गाडी चार हात मागें घेतली, तोंच दांडी सहज मोकळी झाली. पुढचीं वळणें दोन चाकांच्या जोरावर निर्वेध पार पडलीं.

धूम आणि अग्नि यांचा संबंध नैयायिक ज्या अन्वय-व्यतिरेकानें ठरवितात, तोच हा मार्ग. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा फेरा घेतात. परंतु अशा गाडींत फोर-व्हील लावलें, कीं पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीस बांधले जातात. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपचीही हीच रचना होती. चिखलांत चाक थोडें घसरून हा तंटा मिटवितें. कोरड्या डांबरावर तो वाव नसल्यानें पीळ शाफ्टांत व गिअरबॉक्सच्या मागील ट्रान्सफरमध्यें सांठतो आणि दांडी अडकते. पुढें मिस्त्रींनीं सुतळीनें चाकांचे घेर मोजले. मागचे नवे टायर पुढच्या झिजलेल्यांपेक्षां तीन बोटें अधिक भरले! म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ चढतच होता.

चारही टायर एका मापाचे घालावे आणि फोर-व्हील चिखलापुरतेंच वापरावें, एवढाच उपाय निघाला. गिअरबॉक्स उघडला गेला नाहीं, गाडीही विकली गेली नाहीं. येत्या श्रावणांत त्या वाडींत कोणास रात्रीं मेढा गांठण्याची वेळ आलीच, तर दारांत वाहन असेल. यंत्र असो वा माणूस, दुखणें नेमकें कोठें आहे हें ठरण्यापूर्वीं शस्त्र चालवूं नये, हा धडा प्रत्येक कुटुंबानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे.