व्हिसा कुणाच्या हातात?

परवा धाकटे दीर पेढ्यांचा पुडा घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. "वहिनी, तोंड गोड करा. सौदीची कंपनी व्हिसा देऊन राहिली मले!" भाऊजी इलेक्ट्रिशियन आहेत, हाताला चांगले. जाऊबाईंचा चेहरा फुलला होता. सासूबाई मात्र काही न बोलता तांदूळ निवडत राहिल्या. त्यांना काय आठवले, ते मला कळले.

२०१३ साली आमचे हेही असेच गेले होते. चंद्रपूरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेले. कंत्राटदाराकडे काम असायचे, पण चार महिने काम तर दोन महिने घरी. एजंटाला द्यायला माझ्या पाटल्या मोडल्या. तिथे उतरल्याबरोबर कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळायचा तो मालकाच्या जामिनावर. त्या मालकाला तिथे 'कफील' म्हणतात. राहण्याचा परवाना, म्हणजे 'इकामा', तोही त्यानेच काढायचा. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी, आणि देशाबाहेर पाऊल टाकायचे तरी त्याचीच!

२०१५च्या पावसाळ्यात मामंजी गेले. फोनवर हे रडत म्हणाले, "निघतोच." पण बाहेर पडण्याचा कागद द्यायला कंपनीने एकवीस दिवस लावले. अग्नी धाकट्यांनी दिला. तेराव्यालाही हे नव्हते. एसटीचा हॉर्न वाजला की सासूबाई दाराशी जाऊन उभ्या राहायच्या.

खोटे कशाला बोलू? त्याच पैशांनी घराला स्लॅब पडला, मुलीची शाळा झाली. आता हे कोनसरीला कारखान्यावर वेल्डिंग करतात, शनिवारी घरी येतात. पण सगळ्यांनाच जवळ काम मिळते असे नाही. म्हणून परदेशी जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. कागद न वाचता जाऊ नये, एवढेच म्हणेन.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी भाऊजींना समोर बसवले. विचारले, "एजंटाची सरकारदरबारी नोंद आहे का?" १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. आम्ही दिले होते ऐंशी हजार, आणि पावती नाही! दुसरे, व्हिसावर काम कोणते लिहिले आहे? इलेक्ट्रिशियन म्हणून नेतात आणि कागदावर 'हमाल' निघतो, असेही होते. तिसरे, इकाम्याचा खर्च कुणाचा, परतीचे तिकीट कुणाचे?

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला आखाती देशांत जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही. आपल्याला तो मान वाटतो. पण त्यामुळे करार तपासणारा सरकारी डोळाही राहत नाही. तो डोळा मग घरातल्यांनाच व्हावे लागते.

काळ थोडा बदलला आहे, हेही खरे. १४ मार्च २०२१पासून सौदीत खाजगी कंपन्यांतल्या कामगाराला घरी यायला मालकाच्या परवानगीची गरज राहिली नाही, त्याला स्वतः अर्ज करता येतो. एक वर्ष झाल्यावर काही अटींवर नोकरीही बदलता येते. घरकामाला, घरच्या ड्रायव्हरकीला गेलेल्यांना मात्र त्या सवलतीतून वगळले होते. म्हणून व्हिसा कंपनीचा की कुणाच्या घरचा, हे आधी बघावे. जर्मनीचाही रस्ता आहे. २०२४ साली आपल्या सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला. पण तिथे भाषा शिकावी लागते, आयटीआयचे सर्टिफिकेटही तपासून घ्यावे लागते. सहा महिने वह्या भरायची तयारी हवी.

भाऊजी जरा चिडलेच. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर वकीलच होऊन राहिल्या!" तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ती इचारते ते सांग तिले. मी मेली तं तुले येऊ देतील का, तेही इचारून घे."

घरात कुणी बोलले नाही. सकाळी भाऊजी कराराचा कागद घेऊन मराठीत समजावून घ्यायला ओळखीच्या वकिलांकडे गेले. पेढ्यांचा पुडा मी देवापुढे ठेवला आहे. करार वाचून झाला, की मगच वाटायचे ठरले आहे.